रिंगणी, सुरत आणि व्हर्जिनिया

जुन्या मराठी ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या चाळताना एक टीप वारंवार भेटते : 'एक वनस्पती'. संपादक थोडा अधिक कष्टाळू असेल तर ती 'एक काटेरी झुडूप' होते. टीप दिल्याने संपादकाचे कर्तव्य पार पडते, विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षक तिला गुण देतो. आणि ती वनस्पती नेमकी कोणती हे या तिघांपैकी कोणालाच ठाऊक नसते. शब्दार्थ दिल्यावरही अर्थ न कळण्याचा हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकांनी गंभीरपणे घ्यावा असा आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका 'काटेरी झुडपा'ची, म्हणजे रिंगणीची, हकिगत मांडायची आहे. ती वनस्पतिशास्त्राची कमी आणि भाषेच्या इतिहासाची अधिक आहे.

प्रथम ओळख. वांगे, बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू आणि धोतरा ही सारी एकाच कुलातील मंडळी. या कुलातील सोलॅनम नावाच्या मोठ्या प्रजातीत आपल्याकडच्या तीन काटेरी बहिणी येतात. पहिली रिंगणी, हिलाच भुईरिंगणी किंवा काटेरिंगणी म्हणतात. ती जमिनीला चिकटून पसरते; पानांच्या दोन्ही अंगांना शिरांवर पिवळसर, सरळ, टोकदार काटे असतात. फूल जांभळे, मध्ये पिवळे परागकोश. फळ गोटीएवढे, कोवळेपणी हिरवे व त्यावर पांढरे पट्टे, पिकल्यावर पिवळे. दुसरी डोरली. ती ताठ उभी राहते, काटे वाकडे, फळे लहान आणि झुबक्याने येणारी. तिसरी समुद्रकाठची : कुंपणावर चढणारी, तीन खणांच्या पानांची, आकड्यासारख्या काट्यांची आणि लाल फळांची. तिला शास्त्रात सोलॅनम ट्रायलोबेटम म्हणतात. या तिघींना फुले जवळजवळ सारखीच येतात, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याची फसगत होते. जवळ गेल्यावर काटाच कोण कोणती ते सांगतो.

संस्कृत कोशकारांनी मात्र या काट्याकडे फार बारकाईने पाहिले होते. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात रिंगणीला दहा नावे आहेत. त्यांपैकी 'स्पृशी' आणि 'दुःस्पर्शा' ही दोन स्पर्शावरून आलेली. 'कण्टकारिका' काट्यावरून. 'क्षुद्रा' तिच्या ठेंगणेपणावरून. आणि 'व्याघ्री' म्हणजे वाघीण, हे नाव बहुधा बोचकारण्यावरून. ज्याने ही नावे ठेवली त्याच्या पोटरीवर ओरखडा उठलेला असणार, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. पण याच दहा नावांत 'बृहती' हेही एक नाव आहे, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. वैद्यक ग्रंथांत बृहती म्हणजे डोरली, थोरली बहीण. आणि दोघींचा एकत्र उल्लेख करायचा तर 'बृहतीद्वय' असा शब्द. म्हणजे वैद्य ज्या दोघींना कटाक्षाने वेगळे ठेवतो त्यांना कोशकार एका ओळीत बसवून टाकतो. वैद्याला मुळी उकळायची असते, कोशकाराला छंद जमवायचा असतो. वस्तू आणि शब्द यांच्यातील फारकत आजची नव्हे, ती अमरसिंहाइतकी जुनी आहे. (बृहती हे एका वैदिक छंदाचेही नाव आहे, साहित्याच्या विद्यार्थ्याला बहुधा तेवढीच बृहती माहीत असते.)

वैद्यकात रिंगणीला मानाचे स्थान आहे. दशमुळांपैकी लहान पाच मुळांच्या गटात सालवण, पिठवण आणि गोखरू यांच्याबरोबर रिंगणी व डोरली येतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात औषधांचे पन्नास गट केलेले आहेत. त्यात खोकल्यावरच्या दहा द्रव्यांत रिंगणी आहे आणि 'कंठ्य' म्हणजे आवाजाला हितकर अशा दहांतही आहे. व्याकरणातील कंठ्य वर्ण शिकवून ज्यांचा घसा बसतो अशा आपल्या व्यवसायबंधूंनी ही गोष्ट ध्यानात ठेवायला हरकत नाही. च्यवनप्राशाच्या चरकोक्त पाठातही बृहतीद्वय आहे. तेव्हा डोंबिवलीच्या एखाद्या सदनिकेत थंडीच्या दिवसांत जो चमचाभर च्यवनप्राश खाल्ला जातो, तो ग्रंथोक्त पाठाने केलेला असेल तर त्यात रिंगणी आणि डोरली दोघी आहेत. खाणाऱ्याने त्या कधी पाहिलेल्या नसतात.

आता मराठी नावाकडे वळू. 'रिंगणी' हा शब्द ऐकताच 'रांगणे' आठवते. संस्कृतात 'रिङ्गण' म्हणजे रांगणे, सरपटणे. ही वनस्पती भुईवर रांगतेच. तेव्हा व्युत्पत्ती लागली असे वाटून मन प्रसन्न होते. पण शेजारच्या भाषेत डोकावले की या प्रसन्नतेला धक्का बसतो. गुजरातीत 'रिंगण' म्हणजे वांगे, आणि आपल्या रिंगणीला तिथे 'भोंयरिंगणी' म्हणतात. वांग्याचे झाड काही रांगत नाही. शिवाय नावाला 'भुई' हे विशेषण वेगळे लावावे लागते, याचाच अर्थ नुसत्या 'रिंगणी'त भुईवर पसरण्याचा भाव ऐकू येत नाही. वांग्यासाठी संस्कृतात 'वातिङ्गण' असा शब्द आहे. त्यापासून हिंदी 'बैंगन' आणि मराठी 'वांगे' आले. 'वातिङ्गण' आणि 'रिंगण' यांच्या शेपटांतील साम्य नजरेत भरण्याजोगे आहे. व्युत्पत्तीचा निकाल काहीही लागो, भाषांनी केलेली वाटणी स्पष्ट आहे : एकच शब्द गुजरातीत बाजारात आणि ताटात गेला, मराठीत तो बांधावर राहिला.

'वातिङ्गण' या शब्दाचा प्रवास तर ठाण्याच्या खाडीपर्यंत येऊन पोचतो. तो फारसीत 'बादिंगान' झाला, अरबीत 'बादिंजान'. अरबांबरोबर तो स्पेन-पोर्तुगालात गेला आणि पोर्तुगीजांच्या तोंडी 'बेरिंजेला' झाला. वसई पोर्तुगीजांकडे १५३४ साली आली. १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली. या दोनशे वर्षांत याच किनाऱ्यावर पोर्तुगीज बोलली जात होती. इंग्रजांनी हिंदुस्थानात वांग्याला जे 'ब्रिंजल' म्हणायला सुरुवात केली, ते पोर्तुगीज शब्दावरून. म्हणजे इथून निघालेला शब्द इराण, अरबस्तान आणि युरोप पाहून गलबतातून परत इथेच उतरला, आणि आपल्याला तो परका वाटला.

पोर्तुगीजांनी त्याच कुलातली आणखी माणसे आणली. मिरची, तंबाखू, बटाटा, टोमॅटो ही मूळची अमेरिकेची. त्यांचा हिंदुस्थानातील शिरकाव पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून आलेल्या युरोपीय व्यापाराने झाला. 'बटाटा' हा शब्दच पोर्तुगीज. मिरची तर मराठी स्वयंपाकात अशी मुरली, की तिच्याविना ठेचा ही कल्पनाही करवत नाही. दूरदेशीच्या नातेवाइकांना आपण माजघरात घेतले. घरच्या रिंगणीला मात्र औषधापुरते बोलावून पुन्हा कुंपणाबाहेर ठेवले. यात कोणाचा दोष नाही. रिंगणीचे फळ कडू, पान काटेरी; तिच्यावर सारा बसत नाही आणि तिचा चारा होत नाही. पण भाषेच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा झाला, त्याकडे पुढे येऊ.

त्याआधी युरोपीय नामकरणाचा प्रसंग पाहायला हवा, कारण तो मोठा उद्‌बोधक आहे. लंडनजवळ एल्थम येथे जेम्स शेरार्ड या गृहस्थाची बाग होती. तिच्यातील वनस्पतींचे सचित्र वर्णन डिलेनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३२ साली प्रसिद्ध केले. त्यात आपल्या रिंगणीचे चित्र आहे. पण ती अमेरिकेतून आली, असा समज तिथे नोंदला गेला. लिनियसने १७५३ साली त्या चित्राच्या आधारे तिचे नाव ठेवले : सोलॅनम व्हर्जिनियानम, म्हणजे व्हर्जिनियाची. ही वनस्पती मुळात दक्षिण आशियातली आणि पश्चिमेकडे अरबस्तान व आफ्रिकेच्या शिंगापर्यंतची. व्हर्जिनियाशी तिचा संबंध नाही.

पुढे १७६८ साली ॲमस्टरडॅमच्या निकोलास बुर्मानने हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ छापला. तो स्वतः हिंदुस्थानात आला नव्हता. इतरांनी जमवलेल्या वाळक्या नमुन्यांवरून त्याने काम केले. सुरतेत डचांची वखार होती. बुर्मानने रिंगणीला नाव दिले सोलॅनम सुरतेन्स, म्हणजे सुरतेची. मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४च्या स्वारीमुळे. त्या श्रीमंत बंदराच्या नावाने शास्त्रात एक रानटी काटेरी झाड ओळखले जावे, यात थोडी गंमत आहे. १७९५ साली श्राडर आणि वेंडलंड यांनी तिसरे नाव दिले, सोलॅनम झँथोकार्पम, म्हणजे पिवळ्या फळाची. या तिघांत खरे वर्णन करणारे नाव हेच. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ग्रंथांत आणि थिओडोर कुकने विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथातही तेच आढळते.

परंतु वनस्पतिशास्त्राचा नियम असा, की जे नाव आधी विधिपूर्वक छापले गेले ते खरे. त्याचा अर्थ चुकला असला तरी ते बदलत नाही. म्हणून आज शास्त्रमान्य नाव 'व्हर्जिनियाची' असे आहे. आयुर्वेदाच्या पुस्तकांत आणि औषधांच्या वेष्टनांवर मात्र अजून 'सुरतेची' आणि 'पिवळ्या फळाची' ही नावे नांदताना दिसतात. दुःस्पर्शा म्हणणाऱ्याने झाडाला हात लावला होता. सुरतेन्स म्हणणाऱ्याने निदान सुरतेहून आलेली वाळकी फांदी पाहिली होती. व्हर्जिनियानम म्हणणाऱ्यापुढे छापील चित्र आणि त्यासोबत आलेली चुकीची माहिती एवढेच होते; आणि टिकले ते त्याचेच नाव. छापील पुराव्याला पहिला मान देण्याची सवय आपल्या पाठचिकित्सेलाही आहे, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

मुंबई आणि ठाणे परिसरात या वनस्पतींकडे पुन्हा जवळून पाहिले गेले ते एकोणिसाव्या शतकात. पोस्टखात्यात अधिकारी असलेल्या जॉन ग्रॅहमने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी तयार केली. १८३९ साली ती छापली जात असतानाच त्याचा मृत्यू झाला आणि ती जोसेफ निम्मोने पूर्ण केली. पुढे १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ आला. मुंबईत सरकारी औषधभांडाराचे काम पाहणाऱ्या विल्यम डिमॉकने वनस्पतींबरोबर लोकांनाही विचारले. कोकणात ताज्या रिंगणीचा रस उपळसरीच्या रसाबरोबर देतात आणि तो लघवी साफ होण्यासाठी देतात, अशी त्याची नोंद आहे. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तो धूर किडलेल्या दाताला देण्याचा उपायही त्या काळच्या ग्रंथांत येतो. त्या धुराने दातातले किडे पडतात अशी समजूत. हाच प्रकार युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांनी करत. खुरासानी ओवा म्हणजे याच कुलातली दुसरी वनस्पती. १५९७ साली जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतिग्रंथात या उपायातील लबाडी उघड केली होती : भोंदू वैदू रोग्याला दाखवण्यासाठी तंतुवाद्याच्या तारेचे तुकडे किडे म्हणून पाण्यात टाकत. दोन खंडांत एकाच कुलाच्या वनस्पतींवर एकच समजूत रुजावी, ही लोकसाहित्याच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

याच काळातील एक मराठी नाव विसरता येत नाही : डॉ. सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित असलेल्या या वैद्यकतज्ज्ञाने मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या देशी औषधांची सूची तयार केली. १८८३ साली मुंबईत निसर्ग-इतिहास संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी गृहस्थ होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आपले वाचक त्यांना दुसऱ्या नात्याने ओळखतात. गाजलेल्या खटल्यातील आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई या त्यांच्या सावत्र कन्या. समाजसुधारणेच्या इतिहासात ते येतात, पण बाजारातल्या मुळ्या आणि साली तपासणारा त्यांचा चेहरा तिथे दिसत नाही.

त्यानंतर हे ज्ञान मराठीत आले. आयुर्वेद महासंमेलनाचे संस्थापक शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'वनौषधिगुणादर्श' आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७चा 'ओषधिसंग्रह' हे ग्रंथ मराठी गद्याच्या इतिहासातही मोजले जायला हवेत. झाडाचे वर्णन, त्याची निरनिराळ्या भाषांतील नावे, उपयुक्त अंग, मात्रा हे सारे नेटक्या, कमी शब्दांच्या मराठीत लिहायचे हे सोपे काम नव्हते. आपण एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील निबंधाचे गद्य शिकवतो, नियतकालिकांचे गद्य शिकवतो; पण निघंटूचे गद्य अभ्यासक्रमाच्या वाटेला येत नाही.

दरम्यान ठाणे-कल्याणची भूमी बदलत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली. भराव, खणलेली माती, तुडवलेल्या मोकळ्या जागा. अशी भूमी रिंगणीसारख्या वनस्पतीला मानवते, त्यामुळे आगगाडीने तिचे काही बिघडवले नाही. बिघडवले ते नंतरच्या फरशीने आणि डांबराने. ठाणे महानगरपालिका १९८२ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ची. त्यापुढच्या चार दशकांत भातखाचरांचे बांध, गावाबाहेरची गुरचरणे आणि खाडीलगतची पडीक जमीन यांवर इमारती आल्या. रिंगणी राहायची ती नेमकी अशाच जागी. ठाण्याच्या खाडीतील फ्लेमिंगोंसाठी २०१५ साली अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली त्या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला, ही समाधानाची गोष्ट. परंतु बांध आणि पडीक जमीन यांना कोणी अभयारण्य करत नाही.

या परिसराची गावनावे पाहा : आंबिवली, वडवली, उंबर्डे, चिंचपाडा. मोठ्या झाडांना गावांनी आपल्या नावात जागा दिली आणि झाडे गेली तरी स्थानकांच्या पाट्यांवर ती नावे शिल्लक आहेत. सरपटणाऱ्या रिंगणीच्या वाट्याला ही सोय आलेली दिसत नाही.

नाव टिकण्याची दुसरी जागा म्हणजे स्वयंपाकघर. पावसाळ्यात ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या स्थानकांबाहेर आदिवासी बायका शेवळे, टाकळा, कुरडू, फोडशी यांचे वाटे मांडून बसतात. इमारतीत राहणारी गृहिणीही शेवळ्याची खाज जावी म्हणून सोबत काकडे मागून घेते. हे ज्ञान जिवंत आहे, कारण ते दरवर्षी विकले आणि खाल्ले जाते. रिंगणी या पाटीत नाही. याउलट तिची समुद्रकाठची बहीण तमिळ घरांत 'तूदुवळै' या नावाने रोजच्या ओळखीची आहे. खोकला झाला की तिच्या पानांचे रसम करतात. काटे तिलाही आहेत. ते काढून पाने चिरण्याचे कष्ट तमिळ गृहिणीने घेतले, म्हणून तिथे शब्द आणि वस्तू दोन्ही टिकून आहेत. काढ्यातून पोटात जाणारी वनस्पती आणि भांड्यात पडताना दिसणारी वनस्पती यांत भाषेच्या दृष्टीने एवढे अंतर असते.

मराठीत 'डोरली' म्हटले की वर्गात कुणाला मंगळसूत्रातले डोरले आठवते; आणि 'रिंगणी' म्हटले की वारीतले रिंगण. यात विद्यार्थ्यांना हसण्यासारखे काही नाही. शब्द मागे उरतो आणि वस्तू नजरेआड होते, तेव्हा भाषा जवळच्या ओळखीच्या शब्दाकडे सरकते. हळूहळू रिंगणी, डोरली, धमासा, गोखरू हे सारे शब्द 'काटेरी झुडूप' या एकाच अर्थाचे होतात. मग एखाद्या लेखकाने गोखरू न लिहिता रिंगणी का लिहिले, तिथे टोचणारा काटा पायातला आहे की हाताला लागणारा, फुलाचा जांभळा रंग त्याला अभिप्रेत आहे की नाही, हे प्रश्नच विचारता येत नाहीत. शब्दनिवड हा ज्यांच्या अध्यापनाचा विषय, त्यांची ही अडचण मोठी आहे. दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्रा'त (१९५६) झाडे नावानिशी आणि पाहून लिहिली. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी रानात राहणाऱ्यांच्या तोंडचे शब्द वेचण्यात आयुष्य घालवले. त्यांचे गौरव आपण करतो, त्यांची शिस्त मात्र आपल्या संपादनात उतरत नाही.

उपाय फार मोठा नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे. निघंटू, जुने कोश आणि ग्रंथ पाहण्यासाठी या पट्ट्यातील विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. पुढच्या वेळी आपल्यापैकी कोणी एखादा जुना पाठ संपादित करील, तेव्हा रिंगणीपुढे एवढेच लिहावे : भुईसरपट वाढणारी, पानांवर पिवळे सरळ काटे, जांभळे फूल, पिवळे गोल फळ, मुळी खोकल्याच्या काढ्यात, डोरलीहून वेगळी. ओळ दीडेक होईल. त्या दीड ओळीसाठी कोणाला तरी एकदा झाडाजवळ जाऊन वाकावे लागेल आणि हाताला ओरखडाही येईल. दुःस्पर्शा हे नाव ज्याने ठेवले त्याने तेवढे केले होते.